गिफ्ट: कुठे भेट, कुठे विष, कुठे लग्न

या वेळी पत्रं आणि मेल मिळून एकाच शब्दाबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. शब्द आहे 'गिफ्ट'. पुण्यातून, स्वीडनमधून, हॉलंडमधून, मडगावातून, सगळीकडून तोच. मला स्वतःला हा शब्द फार आवडतो, गेली कित्येक वर्षं मी त्याच्या मागे आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या.

नमस्कार ताई, मी अकरावीत आहे, पुण्यात, आठवीपासून जर्मन घेतलंय. परवा एक गोष्ट वाचताना 'गिफ्ट' शब्द आला, मी भेटवस्तू समजून वाचत गेले आणि पुढच्या ओळीत राजा मेलाच! मग कळलं की जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. क्लासमध्ये सांगितलं की इंग्लिश गिफ्टशी याचा काही संबंध नाही, नुसता योगायोग आहे, पाठ करून टाका. खरंच योगायोग आहे का?

अजिबात योगायोग नाही गं. दोन्ही एकच शब्द आहेत, एका आईची लेकरं म्हण हवं तर. आणि पाठ करण्यापेक्षा ही गोष्ट एकदा ऐकलीस तर आयुष्यात विसरणार नाहीस.

जर्मनमध्ये देणे म्हणजे 'गेबेन', हे तुला माहितीच आहे. इंग्लिशमध्ये 'गिव्ह'. या क्रियापदापासून फार जुन्या काळी 'गिफ्ट' हे नाम झालं, अर्थ साधा, 'देणं', 'दिलेली वस्तू'. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्मनमध्येसुद्धा त्याचा हाच अर्थ होता, पण गंमत अशी की विष हा अर्थही तेव्हाच त्याला चिकटलेला दिसतो, म्हणजे काही काळ दोन्ही अर्थ एका घरात सुखाने नांदत होते.

मग विष आलं कुठून? ते आलं ग्रीकमधून, वैद्यांच्या हातून. ग्रीकमध्ये देणे म्हणजे 'दिदोमि'. मोठ्याने म्हणून बघ, आणि मग संस्कृतातलं 'ददामि' म्हण. तोच धातू, दा. त्यापासून ग्रीकांनी 'दोसिस' केला, म्हणजे देणं. वैद्य रोग्याला एका वेळी जेवढं औषध देतो तेवढं 'देणं' म्हणजे दोसिस. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये 'डोस' झाला आणि आपल्याकडे पोलिओचा डोस, खोकल्याच्या औषधाचा डोस, आणि उपदेशाचे डोस पाजणं इथपर्यंत आला. तर जुन्या जर्मन लोकांनी लॅटिन ग्रंथांतला हा 'दोसिस' जसाच्या तसा न घेता त्याचं भाषांतर केलं. दोसिस म्हणजे देणं ना, मग आपल्याकडे देणं म्हणजे गिफ्ट, झालं! औषधाची दिलेली मात्रा म्हणजे गिफ्ट. आणि मात्रा जास्त झाली किंवा मुद्दाम वाईट हेतूने दिली, की त्याच मात्रेचं विष होतं. विषाला उघड विष म्हणायला माणसाची जीभ कचरते, म्हणून 'त्याला काहीतरी दिलं' असं म्हणायची रीत पडते, आपणही म्हणतोच की, 'तिला दुधातून काहीतरी दिलं म्हणे'. त्यातलं 'दिलं' तेवढं उरलं आणि 'काय दिलं' ते न बोलताच सगळ्यांना कळायला लागलं. जर्मन 'गिफ्ट' ते हे.

तुला हे लांबचं वाटत असेल तर आपल्या गावाकडे बघ. माझ्या आजोळी माळ्यावर एक डबा असायचा आणि आम्हा पोरांना सक्त ताकीद, 'त्याला हात लावायचा नाही, औषध आहे ते.' कपाशीवर मारायचं औषध. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, ढेकणाचं औषध, सगळी जालीम विषं, पण बोलण्यात कुणी त्यांना विष म्हणत नाही. उद्या पाचशे वर्षांनी एखादा मराठीचा अभ्यासक जुने कागद वाचेल आणि डोकं धरून बसेल की या लोकांचं औषध प्यायलं की माणूस बरा व्हायचा का मरायचा. जर्मन लोकांनी वेगळं काही केलेलं नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. विष म्हणजे 'दास गिफ्ट', नपुंसकलिंगी. पण 'देणं' या अर्थाचा जुना शब्द स्त्रीलिंगी होता, 'दी गिफ्ट'. तो आता एकटा वापरात नाही, पण एका जोडशब्दात जिवंत आहे, 'दी मिटगिफ्ट'. मिट म्हणजे सोबत. लेकीच्या सोबत दिलेलं ते मिटगिफ्ट, म्हणजे आपलं आंदण, हुंडा. बघ, त्याच भाषेत, त्याच डिक्शनरीत, एक गिफ्ट विषाची बाटली आणि दुसरं गिफ्ट आंदणाची पेटी, आणि फरक कळतो तो फक्त लिंगावरून. देर-दी-दास पाठ करताना वैताग येतो हे मला माहितीये, मीही त्यातूनच गेलेय, पण कधी कधी या लिंगांतच हजार वर्षांचा इतिहास लपलेला असतो. आणि हो, तुम्हाला रोज मिळतो तो 'हाउसआउफगाबे', होमवर्क, त्यातला 'गाबे' पण गेबेनचाच. घरी करायला दिलेलं.

याच संदर्भात एक माणूस तुला भेटवायलाच हवा, पॅरासेल्सस. १४९३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, वैद्य होता, फार भांडखोर, १५२७ मध्ये बाझेलला शिकवायला लागला तर लॅटिन सोडून सरळ जर्मनमध्ये शिकवायला सुरुवात केली, त्यामुळे बाकीचे वैद्य भडकले. तो पारा वगैरे खनिजं औषध म्हणून द्यायचा. लोक म्हणायचे हा विष देतो. त्यावर १५३८ मध्ये त्याने आपली बाजू मांडणारं लिखाण केलं आणि त्यात म्हटलं की सगळ्याच वस्तू 'गिफ्ट' आहेत, गिफ्ट नाही असं जगात काहीच नाही, एखादी गोष्ट गिफ्ट नाही हे ठरतं ते फक्त 'दोसिस'वरून. विषशास्त्र शिकणाऱ्यांना हे वाक्य आजही पहिल्या तासाला सांगतात. पण मला त्यातलं वेगळंच काही दिसतं. त्या एका वाक्यात ग्रीक दोसिस आणि त्याचं जर्मन भाषांतर गिफ्ट शेजारी शेजारी उभे आहेत, मूळ आणि नक्कल, दोघांचाही अर्थ 'देणं', आणि एक झालाय मात्रा आणि दुसरा विष! शब्दांची अशी गाठभेट मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

भेटवस्तूला जर्मनमध्ये 'गेशेंक' म्हणतात हे तुला येत असेल. ते 'शेंकेन' वरून, आणि शेंकेनचा जुना अर्थ पेल्यात ओतणं, पाहुण्याला प्यायला देणं. आलेल्याला आधी पेला भरून द्यायचा, तेच पहिलं देणं. हे लक्षात ठेव, खाली परत लागणार आहे.

ताई, मी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गोथेनबर्गला आले. इथे फॉर्ममध्ये 'गिफ्ट' आणि 'ऊगिफ्ट' असे दोन चौकोन असतात, पहिल्यांदा वाटलं भेटवस्तूंबद्दल विचारतायत. मग कळलं विवाहित-अविवाहित. आणि सोसायटीच्या स्टोअररूममध्ये एका कॅनवर पण 'गिफ्ट' लिहिलंय, ते मात्र विष! ऑफिसात लोक यावर सारखे विनोद करतात, लग्न म्हणजे विष वगैरे, मला ते आवडत नाहीत पण उत्तर देता येत नाही. हे असं का?

तुम्हाला ते विनोद आवडत नाहीत हे मला बरोबर वाटतं, कारण त्या विनोदामागे जो खरा अर्थ आहे तो बायकांच्या इतिहासातला आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, तिन्हीकडे गिफ्ट म्हणजे विष आणि गिफ्ट म्हणजे विवाहित. (उच्चार तुम्हाला रोज ऐकू येतच असेल, स्वीडिशमध्ये 'यिफ्त', डेन्मार्कात मात्र ग शाबूत.) दोन्हींचं मूळ 'देणं' हेच, पण दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी आले. लग्नाचा अर्थ घरचा आहे, जुन्या नॉर्सपासूनचा, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेपासूनचा. 'यिफ्ता' म्हणजे मुलगी देणं. दिलेली ती 'गिफ्ट'. आपण काय वेगळं म्हणतो हो? 'धाकटीला कुठे दिली?' 'तिला साताऱ्याला दिली.' 'मुलगी द्यायची तर माणसं बघून.' कन्यादान तर नावातच. म्हणजे मराठी माणसाला हा स्वीडिश शब्द समजावून सांगावाच लागू नये, आपण रोज बोलतो ती आपलीच वाक्यरचना आहे.

आणि हे नुसतं बोलण्यात नव्हतं, कायद्यात होतं. स्वीडनच्या १७३४ च्या मोठ्या कायद्यात लग्नाच्या भागाचं नाव 'यिफ्तरमोल्सबाल्क', आणि त्यात 'यिफ्तुमान' नावाचा एक माणूस आहे, म्हणजे मुलगी द्यायचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो. बहुतेक वेळा बाप, तो नसेल तर भाऊ किंवा दुसरा नातेवाईक. त्याच्या संमतीशिवाय मुलीचं लग्न नाही. एकोणिसाव्या शतकात हळूहळू हा अधिकार गेला, बायका स्वतःच्या मर्जीच्या मालक झाल्या, पण शब्द राहिला. आज स्वीडनमधला पुरुषही स्वतःला 'गिफ्ट' म्हणवतो, त्याला कुणी कुणाला दिलेलं नसतं. व्याकरणात त्यांनी एक सुंदर सोय केली, 'यिफ्ता सेई', म्हणजे स्वतःला देणं. लग्न करणं म्हणजे मी मला देते. ऑफिसात कुणी परत विनोद केला तर हे सांगा, शांतपणे.

विषाचा अर्थ मात्र पाहुणा आहे, तो जर्मनकडून आला. मध्ययुगात बाल्टिक समुद्रावर हान्झा संघाच्या उत्तर जर्मन व्यापाऱ्यांचा फार दबदबा, स्टॉकहोममध्ये जर्मन बोलणाऱ्यांची भरपूर वस्ती, त्यांच्याबरोबर शेकडो शब्द स्वीडिशमध्ये घुसले, त्यातलाच हा. म्हणजे देणं या एकाच मुळाच्या शब्दाला उत्तरेत 'दिलेली मुलगी' हा अर्थ होताच, वर दक्षिणेकडून 'दिलेलं विष' येऊन शेजारी बसलं. लग्न विषारी म्हणून कुणी असं नाव ठेवलेलं नाही.

मग जर्मनांचा शब्द येण्याआधी विषाला काय म्हणायचे? तोही शब्द सापडतो आणि मला त्याची फार माया वाटते कारण तो जवळपास सगळीकडून हद्दपार झाला. 'एइत्र'. आइसलँडने तो जपलाय, तिथे आजही विष म्हणजे 'एइतुर'. तुमच्या स्वीडिशमध्ये 'एट्टर' आहे, सापाच्या विषाला वगैरे वापरतात, कधी ऐकलात तर आठवण ठेवा. जुन्या इंग्लिशमध्ये 'आटोर' होता, कोळ्याला 'अटरकॉप' म्हणायचे, विषाचं डोकं. आणि जर्मनमध्ये तो 'आयटर' झाला, म्हणजे जखमेतला पू. गिफ्टने त्याची गादी घेतली आणि बिचारा पू होऊन राहिला. आइसलँडमध्ये 'गिफ्ता' या नामाचा अर्थ तर नशीब, भाग्य असा आहे. दैवाने दिलेलं. तिथे मात्र विषाचा थेंबही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय की इंग्लिश लोकांनी 'गिफ्ट' शब्द जर्मनमधून घेतला पण नंतर महायुद्धामुळे अर्थ उलटा केला. हे खरं आहे का? नागपूरहून.

नाही, यातला एक शब्दही खरा नाही, कृपया पुढे पाठवू नका. जर्मनमधला विषाचा अर्थ हजार वर्षांहून जुना आहे हे वर आलंच, महायुद्धाचा काय संबंध.

इंग्लिशची खरी गोष्ट याहून भारी आहे. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द घरचाच होता, पण त्याचा उच्चार 'यिफ्त' होता, आणि अर्थ भेट असा मोकळा नव्हता. अर्थ होता मुलीसाठी नवऱ्याकडून दिलेली रक्कम, म्हणजे आपल्याकडे जुन्या मराठीत ज्याला 'देज' म्हणतात ते, आणि अनेकवचनात तर सरळ लग्न. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा इने, सातव्या शतकाच्या शेवटचा, त्याच्या कायद्यात कलम आहे की कुणी बायको 'विकत घेतली' आणि लग्न पार पडलं नाही तर पैसे परत करायचे, तिथे लग्नाला हाच शब्द आहे.

मग व्हायकिंग आले. आधी लुटायला आणि मग राहायला, इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात त्यांनी घरं केली, शेती केली, इंग्लिश लोकांशी सोयरिकी केल्या. त्यांच्या नॉर्स भाषेत तोच शब्द होता पण ठसठशीत 'ग' ने सुरू होणारा, आणि त्याचा अर्थ देणगी असाही होता. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की लोक एकमेकांचे शब्द सहज उचलायचे. तरी चौदाव्या शतकात लंडनच्या चौसरच्या कवितांत 'यिफ्ट'च भेटतो, उत्तरेचा ग तोवर पोचला नव्हता. शेवटी ग जिंकला. गिव्हचंही तसंच, तोही आधी य ने सुरू व्हायचा.

अशीच गोष्ट अंड्याची. १४९० मध्ये इंग्लंडचा पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन याने लिहून ठेवलंय की काही व्यापारी वाटेत एका बाईकडे 'एग्ज' मागायला लागले तर ती म्हणाली मला फ्रेंच येत नाही! तिच्याकडे अंड्याला 'आयरेन' म्हणायचे. एग हा नॉर्स, आयरेन घरचा. घरचा गेला, पाहुणा राहिला.

आणि यात मला सगळ्यात आवडणारा भाग कुठला सांगू? ज्या स्कँडिनेव्हियाने इंग्लिशला हा ठसठशीत ग दिला त्यातल्याच स्वीडनमध्ये आणि नॉर्वेत पुढे तो ग मऊ होऊन 'य' झाला. म्हणजे आज गोथेनबर्गमध्ये वरच्या ताई 'यिफ्त' ऐकतात, आणि जुन्या इंग्लंडमध्ये लोक तेच म्हणायचे. उच्चार समुद्रापलीकडे गेला आणि मागे राहिला तो बदलला.

आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत हुंड्याला 'दोत' म्हणायची पद्धत आहे. डोसशी याचा संबंध आहे का? मडगाव.

आहे, आणि अगदी जवळचा. पोर्तुगीज 'दोते', लॅटिन 'दोस', त्याची पुढची रूपं 'दोत-' वर चालतात, अर्थ मुलीला लग्नात दिलेलं धन. फ्रेंचमध्ये 'दोत', इंग्लिश 'डाउरी' पण याच कुळातला. आणि हे सगळे 'दा' धातूचे, म्हणजे ग्रीक दोसिसचे भाऊबंद, आपल्या 'दान'चे तर सख्खे, लॅटिन 'दोनुम' आणि संस्कृत 'दानम्' हा एकच शब्द समजा. तर एका धातूतून दक्षिण युरोपात हुंडा आणि मात्रा निघाली, आणि उत्तरेत वेगळ्याच धातूतून, गेबेनमधून, पुन्हा हुंडा आणि मात्रा. वाटा दोन, मुक्काम तेच. तुमच्या घरातला दोत आणि जर्मनांचा मिटगिफ्ट यांच्यात रक्ताचं नातं नाही, पण विचार एकच.

आदरणीय ताई, मी निवृत्त शिक्षक, कोल्हापूर. आपल्या 'विष' शब्दाचं युरोपात काही नातं आहे का? आणि इंग्लिश 'पॉयझन' हा फ्रेंच 'पॉयसों' म्हणजे माशापासून आला असं एकाने सांगितलं, ते बरोबर आहे का?

सर, आधी दुसरा प्रश्न. माशाचा संबंध नाही, फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द उच्चाराला जवळजवळ आहेत म्हणून गैरसमज होतो. 'पॉयझन' आला लॅटिन 'पोतिओ' वरून, म्हणजे पेय, प्यायची गोष्ट. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ वैद्याने दिलेला काढा असाच होता, पुढे तो फिरला. त्याच पोतिओचं दुसरं रूप इंग्लिशमध्ये 'पोशन', ते अजून काढाच आहे. म्हणजे जर्मनांनी 'दिलेलं' म्हटलं, फ्रेंचांनी 'पाजलेलं' म्हटलं, विष कुणीच म्हटलं नाही. आणि वर गेशेंक आला होता, ओतून दिलेलं, आठवतंय ना? तिथे पेला भरून देण्याची भेट झाली आणि इथे पेला भरून देण्याचं विष झालं.

लॅटिनमधला 'वेनेनुम', ज्याचा इंग्लिशमध्ये 'व्हेनम' झाला, तो तर व्हीनस या प्रेमदेवतेच्या नावाशी जोडलेला आहे, सुरुवातीचा अर्थ वश करायचा काढा. आणि ग्रीक 'फार्माकोन', ज्यावरून फार्मसी, त्याचा अर्थ औषधही आणि विषही, संदर्भाने काय ते समजून घ्यायचं. आपल्या फवारणीच्या औषधासारखंच.

आता 'विष'. हा मात्र लपवाछपवी न करणारा शब्द आहे आणि त्याचे भाऊ अजून जिवंत आहेत. ग्रीकमध्ये 'इओस', लॅटिनमध्ये 'वीरुस', अर्थ विष, विषारी चिकट द्रव. संस्कृतातला ष आणि लॅटिनमधला र पाहून वेगळे वाटतात, पण लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला स पुढे र होतो, हा नियम पक्का आहे. तोच वीरुस म्हणजे आजचा व्हायरस. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचा अभ्यास करताना, जीवाणू अडकतील अशा गाळणीतूनही जे आरपार जातं त्याला हे नाव वापरलं, पुढे तेच रूढ झालं. मराठीत आपण त्याला 'विषाणू' म्हणतो. म्हणजे सर, विष आणि व्हायरस हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले भाऊ, एक गेला युरोपात आणि एक राहिला इकडे, आणि आपण व्हायरसला विषाणू म्हटलं तेव्हा ते परत एकमेकांसमोर आले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून घरभर फिरले होते.

आइंडहोव्हनमध्ये टॅक्सचा फॉर्म भरतोय, त्यात 'गिफ्टेन' असा रकाना आहे. विषावर टॅक्स?

तो रकाना देणग्यांचा. मान्यता असलेल्या संस्थांना दिलेल्या देणग्यांवर नियमांप्रमाणे सूट मिळते, पावत्या जपून ठेवा. डच भाषेत जुना अर्थ टिकून आहे, 'गिफ्ट' म्हणजे देणगी (उच्चार 'खिफ्त', घशातून), आणि विषासाठी त्यांनी शेवटचा त काढून टाकला, 'खिफ'. फक्त विशेषणात तो त अजून आहे, 'खिफ्तख' म्हणजे विषारी, देणगीदार नव्हे, तेवढं सांभाळा.

ताई, माझा मुलगा म्युनिकला असतो. दिवाळीचा फराळ पोस्टाने पाठवायचाय. फॉर्मवर 'गिफ्ट' असा चौकोन आहे, तिथे खूण केली तर तिकडचे लोक विष समजून पार्सल अडवणार नाहीत ना? हसू नका, सूनबाईने सांगितल्यापासून मला खरंच काळजी लागलीय.

काकू, हसणार कशाला, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष हे सूनबाईंनी खरंच सांगितलंय. पण तुम्ही निर्धास्त खूण करा. परदेशी पार्सलवरचा कस्टमचा तो फॉर्म जगभर एकाच नमुन्याचा असतो, आणि त्यावर गिफ्टच्या जोडीला 'कादो' असा फ्रेंच शब्दही छापलेला असतो, बघा नीट. कारण जगातल्या टपाल खात्यांची जी संघटना आहे, १८७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात स्थापन झालेली, तिची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. तिकडच्या कस्टमवाल्यांना तो फॉर्म तोंडपाठ असतो, इंग्लिश गिफ्ट आणि त्यांचा गिफ्ट यात त्यांचा घोळ होत नाही.

या 'कादो'चीही गंमत आहे. त्याचा मूळ अर्थ छोटं डोकं. पोथीत पहिलं अक्षर मोठं, नक्षीदार काढतात ना, ते शीर्षाक्षर म्हणजे कादो. मग कुठलीही शोभेची नक्षी, मग बायकांच्या सन्मानार्थ केलेला जलसा-मेजवानी, आणि मग भेट. यात देणंही नाही, पाजणंही नाही, त्यामुळे विषाचा डाग त्याला कधी लागलाच नाही.

फक्त एक करा, आत काय आहे तिथे नुसतं 'फराळ' लिहू नका, त्यांना कळणार नाही. चकली, शंकरपाळे, लाडू काय असेल ते वेगवेगळं लिहा, इंग्लिशमध्ये साधं वर्णन, प्रत्येकाचं वजन आणि किंमत. खाण्याच्या वस्तूंवर युरोपात बंधनं आहेत, दूध-तुपाचे पदार्थ अडकू शकतात, त्यामुळे पोस्टात आधी विचारून घ्या आणि तेलातलं, कोरडं तेवढंच पाठवा. आणि मुलासाठी आतल्या डब्यावर चिठ्ठी लावणार असाल तर त्यावर 'गेशेंक' लिहा, त्याच्याबरोबर राहणाऱ्या जर्मन मुलांनाही कळेल.